अप्पांना कळता कामा नये

परळ,
फेब्रुवारी १९५६

प्रिय श्याम,

हे पत्र नर्सबाईंच्या हाती पाठवतेय. आधी शेवटपर्यंत वाच, मग माझ्यावर काय चिडायचं ते चिड.

जानेवारीतल्या गोळीबारात तुझा पाय गेला, आणि शुद्धीवर येताच तू मला शपथ घातलीस, की अप्पांना कळता कामा नये, त्यांचं हृदय हा धक्का सोसणार नाही. डॉक्टरांनीही तेच म्हटलं. मग काय, सगळी चाळ खोटं बोलायला लागली. श्यामची म्हणे तडकाफडकी नागपूरला बदली झाली! शेजारच्या सुमतीमावशींनी तर तिथल्या थंडीचंही वर्णन केलं. डोळ्यांना ताण नको म्हणून आम्ही अप्पांचा पेपर बंद केला. रस्त्यावर 'मुंबईसह संयुक्त महाराष्ट्र' ऐकू आलं की मी खिडकी लावून घ्यायचे. अप्पांनी एका शब्दाने विचारलं नाही. जेवण मात्र अर्ध्यावर आलं आणि पावलांवर सूज चढायला लागली.

माझी प्रयोगशाळेतली नोकरी म्हणजे चिलटं पाळणं, असं तू चिडवतोस ना? खरंच आहे ते. पिकल्या केळ्यावर बसतात तीच चिलटं, दुधाच्या बाटल्यांत कापसाचं बूच लावून वाढवतो. सूक्ष्मदर्शकाखाली त्यांच्या पाठीलगत हृदयाची नळी धडधडताना दिसते. म्हाताऱ्या चिलटांना जरा जास्त उष्णता दिली की ती अडखळते, कधी थांबतेच. पण ज्यांनी तरुणपणी थोडा थोडा ताप सोसलाय, त्यांची पुष्कळदा चालत राहते. पुष्कळदा, श्याम, नेहमी नव्हे. म्हणून तर इतके दिवस माझी जीभ रेटली नाही.

पण अप्पांनी काय कमी सोसलंय? लहानपणी प्लेगमध्ये भाऊ गेला. आपली आई गेली तेव्हा तू जेमतेम चालायला लागला होतास. तुला न्हाऊमाखू घालून ते कचेरी गाठायचे. अशा माणसाला आपण कापसात गुंडाळून ठेवायचं? आणि रागावू नकोस, पण तुला नुसती त्यांच्या हृदयाची काळजी नाहीये. त्यांनी तुला असं बघावं, हे तुलाच सोसत नाहीये.

आज सकाळी चहा झाल्यावर त्यांचं मनगट धरून बसले आणि सगळं सांगून टाकलं. नाडी धावली, चुकली, मग बोटांना लागेचना. देवा रे, मी अर्धमेली झाले! मग सापडली पुन्हा. अप्पांनी एवढंच विचारलं, कुठला पाय? आणि ढसाढसा रडत म्हणाले, म्हणजे जिवंत आहे ना! मला वाटलं, पोर गेलं आणि तुम्ही लपवताय.

महिनाभर ते तुला गेलेला समजत होते रे, आणि आमच्यासाठी गप्प बसले होते. आता इथे इस्पितळात, खाली बाकावर बसलेत, कोट-टोपी घालून. जिना चढू नका म्हटलं तर माझ्यावरच डाफरले. तेव्हा तोंड धू, भिंतीकडे पाठ करून नीट उठून बस. आम्ही वर येतोय.

तुझीच,
सरूताई