मागची खोली गरम करताना

१२ ऑक्टोबर
सुटलो बुवा एकदाचा त्या बेटावरून! आता आईच्या शिव्या समुद्र ओलांडून येणार नाहीत. खाणीत भरती पुढच्या महिन्यात. तोवर ओक-बुन मावशीकडे राहायचं, खायचं आणि थंडीआधी मागची खोली तयार करायची. मावशीने पहिल्याच जेवणात दोन मासे वाढले. म्हणाली, माझा सोक-जू शहरात गेल्यापासून घर खायला उठतं, आता तूच माझा मुलगा.

१६ ऑक्टोबर
जमिनीचे दगड उचलले. खाली नळ्या. चुलीची धग त्यांतून खोलीखाली फिरते आणि पलीकडच्या धुराड्यातून बाहेर जाते. राखेने पार तुंबलेल्या. बांबूने, मग हातानेच खरवडल्या. मावशी हसून म्हणे, खाणीत जायच्या आधीच खाणवाला झालास की रे. दगड परत बसवले, मातीने सांधे लिंपले, वर तेल पाजलेला पिवळा कागद डकवला. तोंड दिसेल असा गुळगुळीत.

२१ ऑक्टोबर
चूल पेटली. आमच्याकडे लाकडं, इथे कोळशाच्या वड्या. मी म्हटलं, आधी ओला पेंढा जाळू, फट असली तर धूर वर येतो, डोळ्यांना दिसतो. मावशी खवळली, नवा कागद काळा करतोस, गाढवा? मग मऊ गादी घातली. पहिला मान तुझा, म्हणाली.

२३ ऑक्टोबर
डोकं ठणकतंय, ओकाऱ्या. मावशीने मुळ्याच्या लोणच्याचं गार पाणी पाजलं, डोकं मांडीवर घेतलं. विचारलं, झोपताना डोकं कुठे होतं? दाराकडे, म्हटलं. तिथे माती लिंपून कागदाची पट्टी लावून घेतली माझ्याकडून.

२६ ऑक्टोबर
गादी तिने भिंतीकडे सरकवली होती. पुन्हा तेच. पुन्हा तोच प्रश्न. पुन्हा पट्टी. किती जपते मला.

२८ ऑक्टोबर
टोफूवाले पेंग आजोबा माझं तोंड बघून म्हणाले, गाल लाल झालेत की, नवरी का तू? मग हळूच म्हणाले, कोळशाच्या वायूला रंग नसतो पोरा, वासही नाही. फट शोधायला कुणाला तरी झोपवावं लागतं. मागे कुत्रं झोपवलेलं तिने. पण कुत्र्याला सांगता येत नाही ना, डोकं कुठे होतं ते.
सोक-जू येतोय, हेही त्यांनीच सांगितलं. बायको पोटुशी आहे. खोली त्यांची.

२९ ऑक्टोबर
विचारलं मावशीला. नाही म्हणाली नाही. रडली. तू तरणा आहेस, सोसशील, बाळ कसं सोसेल? आणि मासा वाढला. लाज वाटते, जेवलो. निघायला उठलो तर पाय — इथेच आडवा झालो.

३० ऑक्टोबर
दाराच्या फटींवर बाहेरून कागद डकवतेय. थंडी शिरू नये म्हणून, म्हणे. दारही कागदाचंच. बोटाने फाटेल. पण बोट तिथवर —

दुपार
अंगणात सोक-जू, सोबत बायको. ती हसतेय. मावशी सांगतेय, खोली झालीच, एक कोपरा तेवढा —
दाराशी आली. बाळा, डोकं कुठे आहे?
धुराड्याकडे आहे. मी म्हटलं, दाराकडे.
खोटं सांगितलं. इथली फट तशीच राहील. बरं झालं. आता तिचं नातवंड —
सून पुन्हा हसली. बारीक आवाज. माझ्याच वयाची.
बाई, इथे झोपू न