रुखवतावरची बिस्किटं

बरखेडा, भोपाळ
५ जानेवारी २०२५

ती. कमलिनीवहिनींस,
सा. न. वि. वि.

तुम्ही फोन उचलत नाही, म्हणून पत्र. तुम्ही थोरल्या जाऊबाई, म्हणून नमस्कार आधी. राग पुढे येतोच आहे.

माझ्या जुईच्या लग्नात रुखवतावरचं स्पंज बिस्किट उचलून, माझ्या विहीणबाईंच्या, अनुराधाबाईंच्या देखत हुंगून तुम्ही म्हणालात, की ही खराब झालीत, कुणी खाऊ नका. अख्खं ताट उचलायला लावलंत. तेव्हापासून अनुराधाबाई माझ्याकडे पाण्याशिवाय काही घेत नाहीत. दरवेळी म्हणे उपास! वर्षभर मी स्वतःलाच दोष दिला. परवा शेजारची मंजूषा हसत हसत बोलून गेली, की मी मेंदीला बसले असताना, गार व्हायला पसरलेली बिस्किटं तुम्हीच गरमागरम डब्यात कोंबली होती. वा वहिनी! वाफ तुम्ही कोंडलीत आणि नाव माझं गेलं!

आता तुमच्या मेघाच्या रुखवताला माझीच बिस्किटं हवीत, असा दादांचा आपल्या धाकट्या भावाला निरोप आलाय. करीन की. पण आधी अनुराधाबाईंना खरं सांगा. नाहीतर तुमच्या लेकीच्या मंडपात मी सांगेन.

लोभाचं नंतर बघू.
शशिकला


उज्जैन
१४ जानेवारी २०२५

चि. सौ. शशिकलेस,
अनेक आशीर्वाद.

तिळगूळ पाठवत नाही, तू हुंगून परत धाडशील.

हो, डबा मी भरला. मुंग्या लागत होत्या, घरभर पाहुणे, आणि तू हात रंगवून बसलेली. वास आला तो आलाच, मी काही खोटं बोलले नाही. एवढ्याशा गोष्टीचं केवढं करतेस! अनुराधाबाईंना आमंत्रण गेलंय, त्यांच्यापुढे आमची शोभा नको. मेघाला काकूचीच बिस्किटं हवीत, पोरीच्या आनंदात विरजण घालू नकोस. दोन दिवस आधी ये, आणि तोंड आवरून ये.

माया आहे म्हणून बोलते.
कमलिनी


बरखेडा, भोपाळ
१२ फेब्रुवारी २०२५

ती. कमलिनीवहिनींस,
सा. न. वि. वि.

सुखरूप पोचलो. मेघा फार गोड दिसत होती.

मंडपात मी तुमच्या तोंडाकडे बघत थांबले होते. तुम्ही बोलेनात, म्हणून दुसरा डबा उघडला. पहिल्यात बिस्किटं पार गार करून, कोरड्या डब्यात कागद घालून ठेवली होती. दुसऱ्यात मुद्दाम तुमच्यासारखी, गरमच भरून आठवडाभर कोंडलेली. नुसती मऊ पडली तर मंद आचेवर शेकता येतात हो, पण कुबट वास सुटला आणि बुडाला हिरवट लव धरली की फेकायचीच. तुमच्या नव्या विहीणबाईंनी वाकून पाहिलं, नाकाला पदर लावला आणि हे कुणाचं काम म्हणून विचारलं. तेव्हा कुठे तुम्हाला कंठ फुटला. ‘जुईच्या लग्नातला डबा मीच असा भरला होता,’ हे तुमच्याच तोंडून सगळ्यांनी ऐकलं.

अनुराधाबाईंनी चांगल्यातली दोन बिस्किटं माझ्या हातून घेतली, तिथेच खाल्ली आणि तिसरं मागितलं.

तुमचे डोळे भरले होते, पाहिलं मी. वाईट वाटायला हवं होतं. नाही वाटलं.

आता लोभ धरायला माझी हरकत नाही.
शशिकला