उकळलेलं पाणी

इगतपुरी, रेल्वे क्वार्टर्स
१२ मार्च १९८१

चि. रंगूस,

आईचा जयभीम आणि भरभरून आशीर्वाद.

तुला हवं होतं ते झऱ्याचं शेवाळपाणी बाबांनी धाडलं, ते पोचलं असेल. आता भीतभीत लिहिते. लहानपणी तुला कावीळ झाली तेव्हापासून मी तुझ्या हाती कच्चं पाणी दिलेलं नाही. म्हणून हेही खळखळा उकळूनच बाटलीत भरलं. काल शेजारच्या सुमनबाई म्हणाल्या, उकळल्यावर त्यातले जीव मेले, आता रंगू भिंगाखाली काय बघणार? दुसरं पाणी आणावं, तर धरणाच्या कामात झरा परवाच बुजवला. त्या पाण्यावाचून तुझा प्रबंध अडेल आणि एम.एस्सी.चं वर्ष जाईल. बाबा माझ्याशी बोलत नाहीत. काय झालं असेल ते सरळ लिही, गोड बोलू नकोस.

तुझी वाट बघणारी,
आई

नाशिक
१५ मार्च १९८१

ती. आईस,

रंगूचा सविनय जयभीम.

आधी पोटभर जेव, बाबांना बोलतं कर, मग पुढचं वाच. त्या पाण्यातले डायटम मेले हे खरं, पण मला ते जिवंत नकोच होते! डोळ्यांना न दिसणारं हे शेवाळ. त्याच्या अंगाभोवतीची भिंत काचेसारख्या सिलिकाची असते. तिचे दोन भाग, कुंकवाच्या करंड्याचं झाकण बसावं तसे एकात एक बसलेले. वर रांगेनं बारीक छिद्रं. ती नक्षी बघूनच प्रकार ओळखायचा. त्यासाठी आतलं सगळं घालवायला आम्ही ते ॲसिडमध्ये उकळतो. तुझ्या चुलीला ती भिंत काय दाद देणार! काल पाहिलं, सगळी कवचं शाबूत आहेत. मी तर टेबलाभोवती नाचलेच, सर हसत होते.

लोभ आहेच, तो उतू जाऊ दे.
तुझी रंगू

इगतपुरी
२२ जून १९८१

चि. रंगूस,

अनेक आशीर्वाद आणि जयभीम.

तार मिळाली. पहिला वर्ग! बाबांनी ड्रायव्हरला गळ घालून यार्डात इंजिनाची शिट्टी वाजवून घेतली. क्वार्टर्सची आख्खी लाइन बाहेर आली. मी दारात उभी राहून रडले, आणि रडले म्हणून कुणाला लाजलेही नाही.

झरा गेला, पण त्याची कवचं कॉलेजच्या कपाटात इगतपुरीच्या नावानं राहणार, हे तुझ्या मागच्या पत्रात वाचून ऊर भरून आला. ती मला बघायचीत. सोमवारी सकाळच्या गाडीनं येते. तुझे सर मोठे लोक, मी आपली दाराबाहेर थांबेन असं लिहिणार होते. पण नाही थांबणार. पोर माझी आहे. मी आत येऊन, खुर्चीवर बसून बघणार.

येतेच,
तुझी आई, लंकाबाई