मंगळवारचा स्फोट आणि निळा चपान

प्रति,
मा. संचालक,
अवकाश उपकरण केंद्र, अल्माती.

विषय: गॅमा-किरण स्फोटाची बातमी मी मंगळवारीच दिली, गुरुवारी नव्हे, याबाबत.
संदर्भ: आपले मंत्रालयास गेलेले पत्र व मला गोदामात धाडणारा आपला आदेश.

महोदय,

आपण मंत्रालयाला खोटे कळवले आहे. अर्जात असे लिहीत नाहीत, हे ठाऊक आहे. पण मला अर्ज लिहायला कोणी शिकवले नाही, जसे मोजणी यंत्रही कोणी शिकवले नाही.

१. मंगळवार, ७ ऑक्टोबर रोजी सकाळी आपल्या उपग्रहावरील दुर्बिणीने दूरच्या एका ताऱ्याचा स्फोट टिपला. एक्केचाळीस सेकंद. यंत्राने सेकंदाला साठ हजार किरण मोजले, पण तो आकडा खरा नव्हे. एक किरण नोंदवेपर्यंत पुढचे निसटतात. किती निसटतात, हे उड्डाणापूर्वी सबंध हिवाळा तळघरात बसून मीच मोजले होते. ते धरून आकडा एक लाख नव्वद हजार झाला.

२. दहा चाळीसला मी धावत आपल्या दालनाशी आले आणि दारातूनच सुयुंशी मागितली. चांगली बातमी आणणाऱ्याला भेट मिळते, तो त्याचा हक्क. आपण आकडा दोनदा वाचलात, पाहुण्यांच्या कपाटातला निळा चपान, मानाचा लांब झगा, माझ्या अंगावर चढवलात आणि म्हणालात, "घाल पोरी. सगळ्या वेधशाळांना आत्ताच कळवतो." चहा घेऊन आलेल्या, भांडार सांभाळणाऱ्या कुल्याश आपा म्हणाल्या, "साहेब, हिचे हात बाह्यांत हरवले की. जरा बेताचा द्या." आपण हसलात. त्या हसण्यावर मी विश्वास ठेवला.

३. आपण कळवले नाही. घोषणा मंत्रीमहोदयांनी करावी म्हणून त्यांच्या सवडीची वाट पाहत बसलात. स्फोटामागे राहणारा उजेड कोणासाठी थांबत नाही, आणि ताऱ्याचे अंतर त्याच्यावरूनच कळते. गुरुवारपर्यंत तो विझला. मंत्रालयाने जाब विचारताच आपण लिहिलेत की तंत्रज्ञ सेरकेबायेवा यांनी गुरुवारी कळवले. त्या पत्रात आकडा आपल्या नावावर आहे आणि उशीर माझ्या.

४. तेव्हा दालनात असलेले दोघे शास्त्रज्ञ आता म्हणतात, "आमचं लक्ष चहात होतं." कुल्याश आपांनी मात्र त्याच दिवशी भांडारवहीत लिहिले: निळा चपान, एक. कारण: सुयुंशी. काल आपण त्यांना ते पान बदलायला सांगितलेत. त्या म्हणाल्या, "पान बदलते साहेब. पण चपान तिच्या खुंटीवर आहे, तो कसा बदलू?"

५. तो मी परत करत नाही. परत केला, तर आपण म्हणाल, दिलाच नव्हता. सोमवारपासून मी गोदामात खोकी बांधते आहे आणि यंत्राजवळ कोणीही नाही. स्फोट आपल्याला विचारून होत नाहीत.

तरी मंत्रालयास दुरुस्तीचे पत्र जावे व मला यंत्रावर परत घ्यावे. ते जमत नसेल, तर एवढेच लेखी कळवावे: बातमी गुरुवारी आली, तर मंगळवारी हा चपान आपण मला कशाबद्दल दिलात?

आपली, अजूनही यंत्रावरचीच,
उलबोल्सिन सेरकेबायेवा
१६ ऑक्टोबर

सोबत: भांडारवहीच्या पानाची प्रत, न बदललेली.