सम प्रकरणं माझ्याकडे आहेत

ताई,

आपल्या सेनापतीच्या कादंबरीचा दुसरा भाग एकदाचा आला. आपण अकरा वर्षं वाट पाहिली, होणाऱ्या भावोजींनी अकरा मिनिटं. तरी परवा फोनवर तू त्यांनाच म्हणालीस, "आपण दोघं मिळून वाचू." मी भिंतीला कान लावला नव्हता. तो आपोआप गेला.

पहिला भाग कसा वाचला होता, आठव. विषम प्रकरणं तू मोठ्याने वाचायचीस, सम मी. म्हणून काल पुस्तक कामावर नेलं, शिवण उसवली आणि त्याची दोन पुस्तकं बांधली. बाइंडर भाऊ असल्याचा काहीतरी उपयोग हवा.

विषम प्रकरणांचं तुझ्या उशाशी ठेवलंय. भावोजींबरोबर खुशाल वाच. पहिल्या प्रकरणाच्या शेवटी सेनापती विहिरीत पडतो, तिसऱ्यात त्याचं लग्न ठरलेलं असतं. मधे काय झालं ते माझ्या डब्याच्या पिशवीत आहे.

संध्याकाळी सहाला गच्चीवर ये. भावोजींनाही आण, प्रकरणांचे आकडे ते वाचतील.

आणि मी फार सावकाश वाचणार आहे. लग्नापर्यंत संपलं नाही, तर उरलेली सम प्रकरणं घेऊन तुझ्या सासरी येईन.

धाकटा

दूध तापवून ठेवलंय.