कांद्यांच्या माळेत निजलेलं फूल

पनवेल, १२ मार्च २०१३

प्रिय गोदूताई,

अंगण गमावून इमारतीत राहायला आलेल्या माझ्या भावाबहिणींनो, आपल्याला माती पिशवीतून विकत आणावी लागते, हा अन्याय आपण किती दिवस सोसायचा? हसू नकोस. चाळीस वर्षं सभा गाजवलेल्या माणसाला पत्राची सुरुवातही अशीच सुचते. तू कोन गावात तिसऱ्या मजल्यावर, मी इथे पनवेलला चौथ्या. तक्रार दोघांची एकच. भाऊबीजेपासून तू फोन उचलत नाहीस, आणि उचललास तरी मी तुला बोलू देणार नाही, म्हणून हे पत्र.

कुंडीतल्या अमरिलिसला फुलं आली, ताई. एका दांड्यावर चार कळ्या. दोन उमलल्यात, तळहाताएवढ्या, लालभडक. तुझी भावजय शकू सगळ्या मजल्याला बोलावून दाखवते आणि सांगते, "आमच्या वन्संची करणी." मी शेजारी गप्प उभा असतो. लोकांना फुलापेक्षा त्याचंच नवल वाटतं.

कर्नाळ्याच्या वाटेवरच्या रोपवाटिकेतून त्याचा हा कांद्यासारखा कंद आणला तेव्हा तो फुललेला होता. पुढे तीन वर्षं नुसती पानं. पाण्यावाचून काही जगत नाही, हे माझं ठाम मत. मी रोज दोन वेळा पाणी घालत राहिलो. भाऊबीजेला तू आलीस, पिवळी पडलेली पानं पाहिलीस आणि म्हणालीस, "अवी, किती पानी पाजशील? मानसाला नीज लागते, त्याला नको?" यावर मी तुला पाऊण तास ऐकवलं. मग आंघोळ करून आलो तर कुंडी रिकामी, आणि तू ती घासत बसलेली. तू कंद फेकलास असं समजून भरल्या घरात मी तुला अडाणी म्हणालो. दोनदा तू काही सांगायला तोंड उघडलंस, दोनदा मी तुला अडवलं. ओवाळणीचं ताट तसंच ठेवून तू निघालीस. दारात एवढंच म्हणालीस, "मेला नाय रं तो, निजलाय."

जानेवारीत भाकरीबरोबर खायला म्हणून, भाऊबीजेला तू आणलेल्या पांढऱ्या कांद्यांच्या माळेतला शेवटचा कांदा काढला. सुरी लावणार, तर हाताला जड लागला, मान जाड, आणि कांद्याचा वास नाही. अमरिलिसच होता तो. चिरून खाल्ला असता तर त्याचं विष पोटात गेलं असतं. मी आंघोळीला गेलो तेव्हा त्या माळेत बांधून, कोरड्या, अंधाऱ्या कोपऱ्यात दोन महिने तू त्याला निजवलं होतंस. मी तो अर्धा मातीच्या वर ठेवून लावला, माती सुकली तरच पाणी घातलं. पानांच्या आधी दांडाच वर आला. आता फुलं गेली की दांडा कापीन, पानं उन्हात ठेवीन, आणि दिवाळीला पाणी बंद.

व्यासपीठावरून मी भल्याभल्यांना माफी मागायला लावली, स्वतः कधी मागितली नाही. आज मागतो. अडाणी मी होतो, ताई. ते ताट शकूने अजून देवापाशी ठेवलंय. माझं कपाळ भाऊबीजेपासून रिकामं आहे. चौथी कळी रविवारी उमलेल. रविवारी सकाळी ये आणि मला ओवाळ. मी तोंड उघडीन ते फक्त लाडवासाठी.

तुझाच, सध्या मौनात असलेला,
अवी