कुंकवाचं बोट लागलेला मास्क

बारामती, सोमवार, संध्याकाळ

जेवण जाईना. आज आमच्या दूध शीतकरण केंद्रात अमोनिया गळतीचं मॉक ड्रिल झालं. भोंगा वाजला, माणसं गेटपाशी जमली, इथवर ठीक. मग व्हॉल्व्ह बंद करायला आत जाणारे ऑपरेटर सलीमभाई पेटीतला मास्क चढवायला गेले आणि पट्टा तटकन तुटला. रबर पार कुजलेलं. काचेवर कुंकवाचं बोट मात्र अजून ठसठशीत. खंडेनवमीला मीच लावलेलं. हळद, कुंकू, झेंडूचा हार, आणि मास्क परत पेटीत.

दर महिन्याला रजिस्टरात ‘तपासले, ठीक’ लिहून सही करणाराही मीच. पेटी उघडायची ती वर्षातून एकदा, तीही पूजेला!

पोरं हसली. मीही हसलो. का हसलो मी?

सगळे पांगल्यावर म्हणालो, “सलीमभाई, खरंच गॅस सुटला असता तर?”

त्यांनी खिशातून प्लॅस्टिकच्या पिशवीत गुंडाळलेला ओला रुमाल काढला. “सणसरहून निघताना रोज भिजवून आणतो, सायेब. मास्क मागं एकदा घालून बघितला व्हता.”

“मग बोलला का नाहीत?”

“रजिस्टरात तुमची सही व्हती. सायबाला खोटं कसं पाडायचं?”

किती वर्षं रुमाल भिजवताय, हे विचारायचा धीर झाला नाही. कुंकवाचं ते बोट डोळ्यांपुढून हलत नाही.

नवा मास्क मागवलाय. पण तो आला तरी सलीमभाई रुमाल आणायचं सोडतील, असं वाटत नाही. सही माझीच असणार ना.